गोधडीवरची नळी

“चौथीतनं शाळा सोडलेलं पोर तू, अन् डॉक्टरला अक्कल शिकवतोस व्हय रं?” बायजाकाकी पळी घेऊनच माझ्या अंगावर आली.

“शिकवत नाय. गोधडी काढून ऐका म्हणतोय!”

“लाज हाय का? पोटुशी बहीण हाय ती तुझी!”

बायजाकाकी माझी सख्खी चुलती, अन् आमच्या पोशीर गावची सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलंय, मी पण. तिच्यापुढं बोलायची कुणाची छाती नाय. माझा बाप तर ती बोलायला लागली की वाड्याकडं गुरं बघायला जातो. आत्ता पण तिकडंच गेलाय.

मैना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. काल दुपारपासनं पोटात बाळ हललं नाय. मग सकाळी कर्जतचे डॉक्टर आणले. आता आमच्यात सातवा लागला की पोटुशीचं पोट परक्या पुरुषाला दाखवायचं नाय, दृष्ट लागते. काकीनं लुगड्याचा सगळा घोळ पोटावर गोळा केला, वर गोधडीची घडी. डॉक्टर एकदाच म्हणाले, “जरा कापड बाजूला करता का?” काकीनं डोळे वटारले. तशी त्यांनी लाकडी नळी गोधडीवर टेकवली, नळीला कान लावला अन् मान हलवली. “ठोके लागत नाहीत. बहुतेक गेलं. हिला दवाखान्यात आणा.” अन् गेले नेरळ स्टेशनाकडं.

लागतील कसे ठोके? गोधडीला ठोके असतात काय?

काकीनं दवाखान्याचं नावच उडवलं. “मेलेलं पोटात ठेवून हिला गाडीत हिंदकळवता? काढा देते. कळा येऊन सांजेपर्यंत उतरेल.” अन् चुलीवर काढा चढवला. मैना भिंतीकडं तोंड करून पडली. रडत पण नव्हती.

गोधडीतनं आवाज जात नाय हे मला कुठनं कळलं, तर धाऊदादाकडनं. माझा चुलतभाऊ, काकीचाच पोरगा. इंग्रजांच्या लढाईत जहाजावर होता, यंदा नोकरीतनं सुटून आला. त्यांच्या जहाजाच्या बुडाला एक यंत्र होतं. ते पाण्यात ‘टिंग’ करून आवाज सोडायचं. खाली पाणबुडी असली की आवाज तिच्यावर आपटून मागं यायचा. किती वेळानं आला त्यावरनं ती किती लांब ते कळायचं. त्या यंत्राच्या डब्यात पण पाणीच भरलेलं. मधे हवा राहिली की आवाज तिथनंच मागं फिरतो, पुढं जातच नाय. मी त्याला विचारलं होतं, असं टिंग पोटात सोडून बाळ नाय का बघता येणार? तर हसला. “जहाजाएवढं यंत्र मैनेच्या पोटावर ठेवतोस काय, कमळ्या?”

मग आज बोल ना! गोधडीत जुनेराचे थर, थराथरात सगळी हवा. अन् दादा ओटीवर बसून बिडी ओढतोय. मी म्हटलं, “दादा, सांग की तुझ्या आईला!”

“बायकांच्या गोष्टी रं. मी काय सांगू?”

पाणबुडीला भ्याला नाय अन् आईला भितो!

डोकं फिरलं माझं. परसात भरलेला हंडा होता. माझ्या आईला हाताला धरून तिथं ओढत नेलं. “अगं, कान लाव याला.” हंड्याला ओल्या जागी तिचा कान टेकवला, पाण्यात हात घालून दोन खडे एकमेकावर आपटले. आई दचकली. मग कान अन् हंड्याच्या मधे घोंगडीची घडी धरली, परत आपटले.

“आता?”

“आता कायच नाय.”

“खडे तेच हायत ना?”

आई तशीच उठली. आत जाऊन तेलाची वाटी घेतली. मला बाहेरच ठेवलं, दार लोटलं. पण फटीतनं आवाज येत होता.

“तेल कशाला गं?” काकी.

“मधे वारा राहू नये म्हणून.”

“त्या येड्या पोराचं ऐकतेस? अगं विमल, दृष्ट लागंल!”

“लागू दे. माझा कान हाय, पुरुषाचा नाय.”

मग कायच ऐकू येईना. मला वाटलं दारच फोडावं. आत चूल तेवढी फुरफुरत होती.

“हाय,” आई म्हणाली. “लई भराभरा चाललंय गं. माझ्या काळजाच्या दुप्पट.”

“आशेपायी वाटतंय तुला, बाई. डॉक्टर काय खोटं बोलला?”

“तू लाव कान.”

“मी नाय लावणार.”

“मग काढा खाली उतरव.”

“अन् पोरगी गेली तर तुझ्या माथी!”

“उतरव म्हणते ना!”

काकीनं उतरवला नाय. आईनंच पदरानं धरून उकळतं भांडं दारात आणलं अन् परसात ओतलं. पाय भाजला तिचा. काकी म्हणतेय, दुसरा चढवायला कितीसा वेळ लागतोय. आई दारातच बसलीय, उठत नाय. “डॉक्टरला परत आण,” मला म्हणाली. “सांग, उघड्या पोटावर नळी ठेवायची, मी धरते लुगडं. अन् बाळ हलत का नाय ते बघा म्हणावं.”

धाऊदादा आता उठलाय, कुणाचीतरी सायकल आणलीय, चाकात हवा भरतोय. डॉक्टर येतील की मलाच हाकलतील, काय सांगावं. नेरळहून गाडी चुकली तर कर्जतपर्यंत सायकलच हाणायची. दादा हाक मारतोय. मला आता निघायला पायजे.