पिठाची फेरी

सरकारचं हृदय थकलंय, असं नेहमीच्या डॉक्टरने सांगितलं. "गोळ्या चालू ठेवा," तो म्हणाला, "पण कधीतरी हिला एकाएकी धाप लागेल, आणि नेमका तेव्हा माझा दवाखाना बंद असेल. चोवीस तास उघडा असणारा एखादा आत्ताच बघून ठेवा, काका. तहान लागल्यावर विहीर खणायला जाऊ नका."

सरकार म्हणजे मांजर. नाव काकूंनी ठेवलेलं. घरात दोन नोकर आणि एक सरकार, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. काकू जाऊन दोन वर्षं झाली. जाताना त्या दागिन्यांचं काही बोलल्या नाहीत, साता समुद्रापार राहणाऱ्या लेकीचंही नाही. म्हणाल्या, "सरकारकडे लक्ष असू द्या. तिला तुमच्याशिवाय कोण आहे?"

काका हे वाक्य घेऊन जगत होते. खरं तर त्यांचं आणि मांजरीचं कधी फारसं जमलं नव्हतं. पण आपल्यावाचून कोणाचं तरी अडतंय, एवढं माणसाला उठून चहा टाकायला पुरतं.

काकांनी आयुष्यभर बस चालवली होती. नवा मार्ग मिळाला की आधी प्रवाशांशिवाय एक फेरी मारायची, हा त्यांचा नेम. तीही नुसती रिकामी नाही. बसमध्ये वाळूची पोती टाकून. रिकामी बस आणि भरलेली बस ही दोन वेगळी जनावरं असतात, ब्रेकला वेगळी आणि वळणाला वेगळी, असं ते नव्या पोरांना सांगत. डेपोत सगळे हसायचे. हसेनात का, काकांची बस एकदाही कठड्याला घासली नव्हती.

तेव्हा त्यांनी काय केलं, तर मांजरीची बास्केट काढली, सरकारच्या वजनाइतकं पीठ पिशवीत भरलं, पिशवी टॉवेलात गुंडाळली आणि बास्केटमध्ये ठेवली. सरकार खुर्चीवरून हे सगळं बघत होती. "तुझ्यासाठीच चाललंय," काका तिला म्हणाले. तिने तोंड फिरवलं.

पहिला दवाखाना जवळचा. काचेचं दार, आत माशांची टाकी, भिंतीवर हसऱ्या कुत्र्यांचे फोटो. नाव मोठं लक्षण खोटं, हे कळायला वेळ लागला नाही. काउंटरवरच्या बाईने स्क्रीनवरून डोळे न उचलता नंबर दिला आणि बसायला सांगितलं. एका बाजूला भुंकणारा कुत्रा, दुसऱ्या बाजूला पिंजऱ्यातला पोपट. काका मांडीवर बास्केट घेऊन बसून राहिले. पुढचे दोघं आत जाऊन आले, पण टॉवेलाखाली मांजर आहे की पीठ, कोणी डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. श्वास कोंडलेलं जनावर इथे नंबराची वाट बघत संपेल, असं काकांनी ठरवलं आणि ते उठले. ते गेल्याचंही कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसरा दवाखाना लांब, उड्डाणपुलाच्या पलीकडे, टायरच्या दुकानाशेजारी. रंग उडालेला, पाटी वाकडी. गाडी लावायची जागा चढाच्या खाली, त्यामुळे बास्केट घेऊन वर पोचेपर्यंत काकांनाच धाप लागली. त्यांनी दार ढकललं आणि बोलायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. हिरव्या एप्रनातल्या नर्सने त्यांच्याकडे पाहिलं, न हलणाऱ्या टॉवेलाकडे पाहिलं, बास्केट हिसकावली आणि आत पळाली.

"अहो, थांबा," काका म्हणेपर्यंत आत दिवा लागला होता, ऑक्सिजनची नळी निघाली होती आणि चष्मा कपाळावर चढवलेल्या डॉक्टरीणबाईंनी टॉवेल उलगडला होता.

"काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे पीठ आहे."

"हो," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार? "चाळलेलं आहे."

"मग आमच्या हातात काही नाही. कणीक मळा." बाईंनी हातमोजे काढले. त्या रागावल्या होत्या हे स्पष्ट होतं, पण काकांनी वाळूच्या पोत्यांची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि पाणी मागवलं. कोणी आपल्याला बसवून पाणी दिल्याला किती दिवस झाले, ते काकांना आठवेना. ते पिठाकडे बघत बसले.

"हा दवाखाना पक्का," ते म्हणाले. "मांजरीचं आत्ताच नोंदवून घ्या."

बाईंनी वय विचारलं, गोळ्या विचारल्या. "याआधी कधी आजारी पडली होती?"

"एक दिवसही नाही. हिवाळ्यात बोक्याशी भांडून पायावरचे केस घालवून आली होती, तेवढंच."

"बरं. आणि तुम्ही फोन उचलला नाहीत, तर दुसरा कोणाला करायचा?"

"मी उचलतो."

"उचलता आला नाही तर? तुम्हीच आजारी असलात तर तिला इथे कोण आणणार?"

डेपोत प्रत्येक मार्गाला बदली ड्रायव्हर असायचा. पहिला आजारी पडला तरी बस सुटायची. सगळी तयारी केली, वजनसुद्धा मोजलं, आणि बदलीचं नावच नाही. लेक रविवारी फोन करायची आणि तिकडच्या हवेचं सांगायची. डेपोतले मित्र एकेक करून गेले होते. काकांनी डोक्यात सगळे मजले चढून पाहिले, एकाही दारावर थांबता येईना.

"उद्या सांगतो," ते म्हणाले.

घरी परतताना जिन्यात त्यांना शेजारच्या दाराआडून शिलाई मशीनचा आवाज आला. शिंपीणबाई तिथे पाच-सहा वर्षं राहत होत्या. भिंतीपलीकडून मशीन ऐकू यायचं, जिन्यात भेट झाली की मान हलायची, संपलं. अडला हरी, म्हणून काकांनी बास्केट हातात घेऊनच दार वाजवलं.

दार उघडलं. बाईंच्या गळ्यात टेप होती. त्यांनी बास्केट पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला.

"चिंधीला काय झालं? आत्ता तर इथेच होती."

"चिंधी कोण?"

बाईंनी मागे वळून पाहिलं. मशीनखाली कापडाच्या तुकड्यांच्या ढिगाऱ्यात सरकार झोपली होती. पाय वर, पोट उघडं. काकांच्या घरात ती अशी कधीच झोपली नव्हती.

"म्हणजे ही इथे..."

"रोज दुपारी येते. तुम्ही आडवे झालात की गॅलरीतून उडी." बाई ओशाळल्या. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

काकांनी दवाखान्याचं सांगितलं, उड्डाणपुलापलीकडचा, टायरच्या दुकानाशेजारचा.

"रस्ता पाठ आहे मला," बाई म्हणाल्या. "हिवाळ्यात तिने माझा दोरा गिळला होता. तिथेच नेलं. पायाचे केस काढून सलाईन लावलं, एक रात्र ठेवून घेतलं."

"मला सांगितलं नाहीत?"

"दोनदा आले होते सांगायला. दाराला आतून कडी. तुम्ही आतून ओरडलात, काही नको म्हणून."

काकांना हिवाळ्यातला तो ताप आठवला. दोन दिवस कुठे गेले ते त्यांना कळलंच नव्हतं. दारावर कोणी विक्रेता आहे असं वाटून ते ओरडले होते. मांजर घरात नव्हती, हेही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. माय मरो आणि मावशी जगो म्हणतात, तशी सरकारची मावशी भिंतीपलीकडेच होती. तिला तुमच्याशिवाय कोण आहे, असं काकू म्हणाल्या होत्या. तिला होतं की कोणीतरी. तिचं काही अडत नव्हतं. काकांना बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

"मग तुमचं नाव देतो तिथे," ते म्हणाले. "दुसरा फोन म्हणून."

"द्या की." बाईंनी झोपलेली मांजर अलगद उचलून त्यांच्या हातात दिली. "आणि तुमचं?"

"माझं काय?"

"तुम्हाला काही झालं तर कुठे न्यायचं? कोणाला कळवायचं?"

"मला काय होतंय," काका हसले.

बाई हसल्या नाहीत. "आणि मुळात आत कसं यायचं? तुमची कडी असते."

काका मांजर काखेत आणि बास्केट हातात घेऊन आपल्या घरात आले. पीठ परत डब्यात ओतलं. सरकार खुर्चीवर चढली, अंग चाटून झोपी गेली. भिंतीपलीकडे मशीन पुन्हा सुरू झालं.

रोजच्यासारखे काका कडी लावायला दाराशी गेले. हात कडीवर ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी दार नुसतं लोटलं आणि अंधार पडेपर्यंत ते मशीनचा आवाज ऐकत बसले.