चष्म्यावरचा पक्षी

दादाच्या चष्म्यांच्या दुकानासाठी तिने तीन आठवडे खपून लोगो केला होता. दोन गोल काचा आणि मध्ये, जो भाग नाकावर टेकतो तिथे, पंख मिटून बसलेला इवलासा पक्षी. काचांची कड आणि पक्ष्याची पाठ एकाच रेषेत निघाली होती. ती रेषा सापडेपर्यंत तिने कागदांचा नुसता फडशा पाडला होता.

दादाने गिऱ्हाईक करता करता फोनवर नजर टाकली आणि उलट लिहून पाठवलं, “चष्म्याच्या दुकानात चिमणी कशाला?” विषय तिथेच मिटला. घरच्याच माणसाचं काम, त्यामुळे नाही म्हणताना त्याला अवघडल्यासारखंही झालं नाही.

अशी नाकारलेली कामं तिच्याकडे ढिगाने होती. गिऱ्हाइकाला तीन नमुने दाखवायचे, तो एक उचलणार, दोन तिच्या गळ्यात. कामं आटली तेव्हा तयार लोगो विकणाऱ्या एका वेबसाइटवर तिने ती एकेक करून चढवायला घेतली. मूळ नावं पुसायची, रंग साधे करायचे, कुणी शोधलं तर सापडावं म्हणून खाली चार शब्द लिहायचे. त्यात पक्षीही वेबसाइटवर गेला. एकच चित्र कितीही जणांना घेता येई. प्रत्येक खरेदीमागे तिला जेमतेम एका कॉफीपुरतं सुटे, आणि कोण घेऊन गेलं ते कधी कळत नसे.

दोन वर्षांनी दादाने दुसरं दुकान काढलं. उद्घाटनाला ती पोचली आणि रस्त्यापलीकडेच तिचे पाय थबकले. पाटीवर तिचा पक्षी होता. हिरव्याचा निळा झाला होता, एवढंच.

“एजन्सीकडून करून घेतलाय,” दादा कौतुकाने म्हणाला. “चांगले दणदणीत पैसे घेतले, पण काम बघ. तूही शिकावंस असं आहे.”

“दादा, हा माझा आहे.”

“काय तुझा?”

तिने फोनवर जुना निरोप काढून त्याच्यापुढे धरला. चित्र, आणि खाली चिमणीबद्दलचा त्याचाच तो प्रश्न. “वेबसाइटवर विकायला ठेवला होता, एजन्सीने तिथूनच घेतला असणार.” त्याने फोन पाहिला, पाटी पाहिली. त्याचे कान लाल झाले. चुकलं गं माझं, एवढं तो म्हणेल असं तिला क्षणभर वाटलं.

“म्हणजे माझ्यासाठी केलेलं तू बाजारात विकलंस?”

“तुला नको होतं ना.”

“म्हणून कुणालाही द्यायचं? आणखी किती जणांकडे आहे हे?”

“एकोणीस.”

“घरचं माणूस असं वागतं का?” वहिनी म्हणाली, पाहुण्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू. मग हसून दारातल्या लोकांना आत बोलावू लागली.

महिन्याभराने दादाचा फोन आला. पलीकडच्या गल्लीत कुत्र्यांना आंघोळ घालणाऱ्या दुकानावर तोच पक्षी लागला होता.

“मला नवीन लोगो करून दे,” तो म्हणाला. “तुझ्यामुळे झालंय हे.”

“एजन्सीला सांग.”

“ते परत पैसे मागतील.”

“मग मी मागणार नाही का?”

“तू बहीण आहेस माझी,” तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. एजन्सीला त्याने जाब विचारला नाही. त्यांच्यासमोर त्याला हसं करून घ्यायचं नव्हतं. बोलणं टाकलं ते तिच्याशीच.

पक्षी तिने वेबसाइटवरून उतरवला. ज्यांनी घेतला होता त्यांच्याकडे तो राहिलाच. आता ती उरलेलं काम विकत नाही, विकण्यासाठीच करते. पान, थेंब, घराचं छप्पर. अर्ध्या तासात एक उरकते, पुन्हा बघतसुद्धा नाही. पक्ष्यापेक्षा ते कितीतरी जास्त खपतं.