नमुन्याची शिडी

मी शिडी बोलतेय. घडीची, सहा पायऱ्यांची, ॲल्युमिनियमची. शिडीला कसली आलीय लाज, असं तुम्ही म्हणाल. मीही पूर्वी असंच म्हणत असे. पण गेली दोन वर्षं माझ्यावर कोणी चढलं, की मला मान खाली घालावीशी वाटते. पंचाईत अशी, की मला मानच नाही.

मला घडवलं ते मिस्त्रींनी. तेव्हा कारखान्याचे मालक हयात होते. सगळे त्यांना दादा म्हणत. कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड, पुढे अंगण आणि अंगणाच्या कडेला काचेचं ऑफिस. मिस्त्रींनी माझ्यासाठी गठ्ठ्यातली जाड नळी निवडून काढली, एकेका पायरीला चार-चार रिव्हेट ठोकले, पायांत रबरी बूट घातले आणि मला उघडून, कडी लावून, गदागदा हलवून पाहिलं. मी हलले नाही. दादा म्हणाले, ही विकायची नाही, ही नमुन्याची. तेव्हापासून माझा मुक्काम ऑफिसात.

माझ्या बहिणी टेम्पोत आडव्या पडून जग बघायला गेल्या. मी मात्र माहेरीच राहिले. दुकानदार यायचे, कलिंगड घेताना वाजवतात तसं मला बोटाने वाजवायचे आणि जाणकारासारखी मान हलवायचे. काय कळत होतं त्यांचं त्यांना ठाऊक. एरवी माझ्या पायऱ्यांवर ओल्या छत्र्या असत, कॅशियरचं जाकीट असे. पण गिऱ्हाईक आलं की सगळं भराभर उतरवून मला पुसलं जाई. मला त्याचा फार तोरा होता.

मग दादा गेले. त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, कारखाना हाती घेतला. ऐंशी कामगारांच्या त्या आधीपासूनच वहिनी होत्या, त्यामुळे मालकीणबाई वगैरे कोणी म्हणालं नाही. विक्रीचं काम दादांचे धाकटे भाऊ बघत. वहिनी त्यांना भाऊजी म्हणायच्या, म्हणून सगळा कारखानाच त्यांना भाऊजी म्हणू लागला. बाई काय धंदा करणार, सहा महिन्यांत विकून मोकळ्या होतील, अशी बाहेर कुजबुज होती.

पहिल्याच वर्षी बांधणीच्या खोलीला आग लागली आणि तयार माल खोक्यांसकट जळाला. भाऊजी म्हणत होते, काहीतरी सबब सांगून वेळ काढू. वहिनींनी फोन पुढे ओढला आणि एकेका दुकानदाराला स्वतः सांगितलं, माल जळालाय, दीड महिना उशीर होईल, थांबायचं नसेल तर दुसरीकडून घ्या, राग नाही. मी शेजारीच उभी होते. एकही दुकानदार गेला नाही. त्यानंतर बाजारात आमचं नाव निघालं की लोक आधी वहिनींचं नाव घेत. त्या म्हणायच्या, मशीन जळालं तर नवं आणता येतं, नाव जळालं तर ते कुठल्या दुकानात मिळणार? हे बोलणं मी इतकं ऐकलं होतं, की मला ते पाठ होतं.

पुढे आमचा नळीवाला धंदा बंद करून बसला. दुसऱ्याने पाठवलेली नळी घेऊन मिस्त्री ऑफिसात आले. एक जुना तुकडा, एक नवा, दोन्ही टेबलावर ठेवले.

"वहिनी, ही नळी हलकी आहे. घरात दिवा बदलायला चालेल. दिवसभर वर उभं राहणाऱ्या माणसाला नाही चालायची."

वहिनींनी दोन्ही तुकडे हातात घेऊन बराच वेळ फिरवले. दुकानदारांना दिलेली तारीख आठवड्यावर आली होती. आगीच्या वेळी एकदा उशीर झाला होता, पुन्हा कुठल्या तोंडाने फोन करायचा, असं त्यांना वाटलं असणार. शेवटी त्या म्हणाल्या, एवढा एक लॉट जाऊ द्या. मिस्त्री पगारी माणूस. त्यांनी आपले तुकडे उचलले आणि ते शेडमध्ये गेले.

दोन महिन्यांनी त्या लॉटमधल्या एका शिडीवरून एक रंगारी पडला. साठीचा माणूस, एका घराचं छत रंगवत होता. तिसऱ्या पायरीपाशी नळी वाकली आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. पेपरात फोटो आला. त्यात वाकलेली शिडी मोठी होती, तिच्यावरचं आमचं नाव स्वच्छ वाचता येत होतं, आणि कोपऱ्यात दवाखान्याच्या खाटेवर तो माणूस होता. दुसऱ्या दिवशी दोन दुकानदारांनी माल परत पाठवला. वहिनींनी जेवणाचा डबा उघडलासुद्धा नाही.

भाऊजी म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. आता आपण उघडपणे काही कबूल केलं, तर ऐंशी माणसं घरी बसतील. त्यांनी दुकानदारांना आणि पेपरवाल्यांना अंगणात बोलावलं. मला बाहेर आणलं, पुसलं, मधोमध उभं केलं. मग मालाची चढउतार करणारे तीन धिप्पाड गडी एकदम माझ्यावर चढवले.

मी खरं सांगते, त्या दिवशी मला मोडायचं होतं. निदान कुरकुरायचं तरी होतं. पण मिस्त्रींचं काम ते, माझ्यातून आवाजसुद्धा निघाला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग वहिनींनी हातातला कागद वाचला. आमच्या शिडीत दोष नाही. वापरणाऱ्याने पाय पुरते उघडून कडी लावली नव्हती, असं दिसतं.

कोणाला दिसलं? तिथे कोणीच नव्हतं. शेडच्या दारात मिस्त्री फडक्याला हात पुसत उभे होते, ते पुसतच राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती त्या अंगणात झाली, आणि दोर मी झाले होते. उभ्या आयुष्यात मला इतकी लाज वाटली नव्हती.

वहिनी वाईट आहेत असं समजू नका. मी त्यांना जवळून पाहिलंय. हलकी नळी त्यांनी त्याच दिवशी बंद केली. आठवड्याभरात नवी योजना काढली, जुनी शिडी द्या आणि नवी घेऊन जा. त्या लॉटमधली एकेक शिडी परत आली की वहिनी यादीवर खूण करायच्या, आणि मिस्त्री ती करवतीने कापून टाकायचे. चार महिन्यांत यादी संपली. आणखी कोणी पडलं नाही. लोक म्हणाले, मन मोठं लागतं असं करायला. विक्री वाढली. कामगार राहिले, गिऱ्हाइकांची हाडं वाचली, कारखान्याचं नावही वाचलं. एवढं सगळं करून झालं, फक्त एक वाक्य बोलायचं राहिलं.

ते मागायला एका दुपारी तो रंगारी आला. काठी टेकत, बायकोच्या आधाराने. वहिनींनी उठून त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. दवाखान्याचा खर्च कारखान्याने केलाच होता, त्याबद्दल तो काही बोलला नाही.

"बाई, चाळीस वर्षं शिडीवर काढली. कडी मी लावली होती. आता लोक म्हणतात, ह्याला शिडी लावता येत नाही, आणि कामाला बोलवत नाहीत. तेवढं एकदा चारचौघांत सांगा."

वहिनींनी उठून दार लावून घेतलं. मग त्या त्याच्यासमोर बसल्या. त्यांचा आवाज मला ओळखू येईना.

"काका, तुमची चूक नव्हती. नळी हलकी होती. मला माहीत होतं."

"मला सांगून काय उपयोग?" रंगारी म्हणाला. "मला तर माहीतच आहे."

वहिनींनी आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, माझ्यामागे ऐंशी घरं आहेत हो. रंगाऱ्याची बायको त्याची काठी धरून उभी होती. ती म्हणाली, "आमचं एकच आहे."

तेव्हा वहिनींची नजर खोलीभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. त्या म्हणाल्या, ही घेऊन जा, आमच्याकडची सगळ्यात चांगली शिडी आहे. रंगारी उठला. त्याने मला वाजवलंबिजवलं नाही. वाकून माझ्या पायाचा रबरी बूट काढला आणि नळीची कड अंगठ्याने चाचपली. जाडी त्याच्या लगेच लक्षात आली.

"ही विकली असतीत, तर मी पडलो नसतो," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. वहिनींनी उठून दार उघडलं. त्याच्या बायकोने मला मिटवलं आणि उचललं.

आता मी त्यांच्याकडे असते. चढते ती बायको. इतकी वर्षं ती त्याला रंग कालवून द्यायची, आता तीच ब्रश चालवते. तो खाली उभा राहून मला धरतो. मिळतील ती कामं घेतात, बहुतेक ओळखीतली. रोज माझे पाय उघडणं, कडी लावणं आणि मला हलवून बघणं हे त्याने दुसऱ्या कोणाला करू दिलेलं नाही.

आज सकाळी एका घरी गेलो. घरच्या बाई भल्या होत्या, चहा विचारला. मग मला मांडताना बघून हसत म्हणाल्या, "काका, कडी नीट लावा हं. मागच्यासारखं नको."

तो म्हणाला, "हो ताई, लावली." आणि त्यांना दिसावी म्हणून कडी काढून पुन्हा लावली.

बायको वर चढली. चौथ्या पायरीवर उभी राहून तिने भिंतीकडे तोंड केलं. ब्रश रंगात बुडवलेला होता, पण भिंतीला लागला नाही. तिने पायाची बोटं माझ्या पायरीवर आवळली, ते फक्त मला कळलं. मी तिला घट्ट धरून राहिले. मला दुसरं येतं काय?

मला चारचौघांत बोलता येत असतं, तर त्या दिवशी अंगणातच बोलले असते. ज्यांना बोलता येत होतं, ते बोलले नाहीत. म्हणून तुमच्याकडे मागते. काठी टेकणारा रंगारी आणि त्याची बायको कधी तुमच्या दारात शिडी घेऊन आले, तर त्याला काही शिकवू नका. चार माणसं ऐकत असताना एवढंच म्हणा, की त्या दिवशी कडी लावलेली होती.