एकाच खोक्यातल्या चौघी

आमचे कुलदीपराव विमा विकतात. जगात प्रत्येकाचं कधी ना कधी वाईट होणार, यावर त्यांची गाढ श्रद्धा आहे आणि त्या श्रद्धेवरच आमचं घर चालतं. अमरावतीत आमच्या अख्ख्या कॉलनीत त्यांच्याइतका सावध माणूस नाही. गॅसचं बटण ते तीनदा बघतात, आणि मग चौथ्यांदा बघायला मला पाठवतात.

अशा माणसाने घरीच सर्व्हर बांधायचं ठरवलं. सर्व्हर म्हणजे एक डबा, त्यात चार हार्डडिस्क, आणि घरातल्या सगळ्या फोनमधले फोटो, व्हिडिओ, काय असेल ते त्या डब्यात. त्यांचं त्यात ठेवायला काय होतं, तर वार्षिक मेळाव्यात शाल घेतानाचे सहाशे फोटो. माझं एकच होतं. माझ्या आईचे त्रेसष्ट फोन.

माझी आई माणिकबाई मोर्शीजवळ आमच्या संत्र्याच्या बगिच्यात राहायची. दोन वर्षांपूर्वी गेली. माझा फोन आधी कुलदीपरावांचा होता. गिऱ्हाईक पुढे शब्द फिरवेल म्हणून त्यांनी त्यात प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायची सोय लावून ठेवली होती, आणि ती काढायचं कुणाला सुचलं नाही. म्हणून आई गेल्यावर कळलं, की तिचं बोलणं आपल्याकडे आहे. जेवली का, पोराचा खोकला कसा आहे, मेथी धाडू का, हेच त्रेसष्ट वेळा. मी ते रोज ऐकत नव्हते. आहे, एवढंच मला पुरत होतं.

डिस्क निवडायला कुलदीपरावांना तीन महिने लागले. मला पाहायला आले होते तेव्हा पोह्यांची बशी संपायच्या आत होकार दिला होता. आता मात्र रकाने आखून तक्ता केला. हिचे फेरे मिनिटाला किती, ती तापते किती, हिची हमी तीन वर्षांची की पाच. एक सगळ्या बाबतीत पसंत पडली होती, पण ती कुरकुरते असं इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं. "घरात एक कुरकुरणारी पुरे आहे," असं म्हणून त्यांनी तिला नकार कळवला. शेवटी जी ठरली ती दहा लाख तास चालते, असं कंपनीचं म्हणणं होतं. मी मनातल्या मनात हिशेब केला तर शंभरावर वर्षं झाली.

"मंग आपल्यामागं तिच्याकडे कोन पाहीन?" मी विचारलं.

"पोरगा पाहीन," ते म्हणाले. ते थट्टा करत नव्हते.

अकोल्याला त्यांचा वर्गमित्र स्वप्निल याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. आम्ही दोघं तिथे गेलो. स्वप्निलने आतून एक खोका आणला आणि चारही डिस्क काउंटरवर ओळीने मांडल्या. "एकाच खोक्यातल्या हायेत गड्या. नंबरही सलग. असा जुळलेला माल पाहाले नाही भेटत."

कुलदीपराव हरखले. चौघींच्या पाठीवरचे नंबर त्यांनी दोनदा वाचले. येताना गाडीत एकच जागा मिळाली. त्या जागेवर खोका बसला आणि बडनेऱ्यापर्यंत आम्ही दोघं उभे.

फेब्रुवारीत माझे बाबा, सूर्यभानजी, मृग बहाराची संत्री घेऊन आले. जावयांनी त्यांना सर्व्हर दाखवला. बाबांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "चारही एकाच वाफ्यातल्या काय?"

"हो मामाजी. सख्ख्या बहिणी समजा."

"मंग एकीले जे होईन, थेच चौघीले होईन." बाबा खाली बसून संत्रं सोलायला लागले. "आमी कलमा तीनचार नर्सरीतून आनतो. एकाच वाफ्यातल्या लावल्या अन् डिंक्या आला, का सारी ओळच्या ओळ बसते." डिंक्या लागला की संत्र्याच्या खोडातून डिंक वाहतो आणि झाड उभ्या उभ्या वाळतं.

"मामाजी, हे काही संत्र्याचं झाड नाही. यातली एक गेली तरी बाकीच्या तिघी मिळून तिचं सारं पुन्हा उभं करतात."

"अन् दोन गेल्या त?"

"दोन एकदम कावून जातीन?"

बाबांनी फोड तोंडात टाकली आणि विषय सोडला. आमच्याकडे जावयाला चुकायचाही मान असतो.

मग घराची साफसफाई निघाली. जुना लॅपटॉप पुसला, दोन पेनड्राइव्ह पुसले, टीव्हीमागची जुनी डिस्क भंगारात गेली. एका वस्तूच्या दहा ठिकाणी दहा नकला म्हणजे गबाळ, असं कुलदीपरावांचं मत पडलं. माझ्या फोनची पाळी आली तेव्हा मी अडले. "आईचे फोन हायेत त्यात."

"चार डिस्कवर हायेत साधना. देवाच्या घरीही एवढी सोय नसन."

मी बटण दाबलं. दुसऱ्या कुणी नाही, मीच दाबलं, आणि त्याचा राग मला अजून आहे.

मे महिन्यात अमरावती तापली. आमच्या घरी कूलर एकच, त्याचं तोंड सर्व्हरकडे फिरवलं. मी आणि पोरगा पुठ्ठ्याने वारा घेत बसलो. तेवढे लाड करूनही एका सकाळी डब्यावर लाल दिवा लागला. एक डिस्क गेली होती.

कुलदीपरावांना इतकं आनंदी मी पोरगा झाला तेव्हा पाहिलं होतं. "पाह्य, एक गेली अन् काहीच झालं नाही," असं म्हणत त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून लाल दिवा दाखवला. दोघांना तर त्या भरात पॉलिसीही समजावून सांगितली. मग नवी डिस्क बसवली. उरलेल्या तिघी दिवसभर गरगरत तिला सगळं भरवत राहिल्या. संध्याकाळी दुसरा दिवा लाल झाला आणि सगळं गेलं.

कुलदीपरावांनी अकोल्याला फोन लावला. स्वप्निल म्हणाला, "लॉटच खराब निघाला गड्या. एकाच खोक्यातल्या होत्या ना. पन घाबरू नोको, हमी हाये. चारही नव्या भेटतीन."

"अन् आतलं?"

"आतल्याची हमी नसते."

हेच वाक्य कुलदीपरावांनी आजवर कितीतरी घरांत, जरा गोड शब्दांत, म्हटलं असेल. ऐकणाऱ्याच्या खुर्चीत ते पहिल्यांदाच बसले होते. त्यांनी डिस्क पुण्याला एका कारागिराकडे पाठवून पाहिल्या. त्यानेही हात टेकले.

मी भांडले नाही. भांडले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं, पोराला शेजाऱ्यांकडे ठेवलं आणि पिशवी भरून मोर्शीची एसटी धरली. ते न विचारता मागोमाग चढले आणि लॅपटॉप छातीशी धरून शेजारी बसले. तिकीटही ज्याचं त्याने काढलं.

बगिच्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मी पाय ठेवला आणि आई ओरडली.

"साधना, थांब, फोन नोको ठेवू. आले पाह्य मुडदे. हाट् रे, तुह्या बापाचा बगिचा हाये का? उतर खाली, तंगडं मोडीन तुह्यं! हां, बोल बाई."

मी तिथेच मातीत बसले.

आवाज कडुनिंबाला बांधलेल्या भोंग्यातून येत होता. माकडं आणि रोही, म्हणजे नीलगायी, हाकलायला तसले भोंगे बाजारात मिळतात. आत कार्ड असतं, त्यावर भरलेला आवाज दर दहा मिनिटांनी ओरडतो. बाबा झाडांतून बाहेर आले आणि मला रडताना पाहून गोंधळले.

"तुही माय गेल्यावर तूच नाही का धाडला होता मले हा फोन, हासाले म्हून? तवा वांदरं लय माजले होते. मंग मोबाइलवाल्याकून भरून घेतला."

"शेवटी मी हासली होती ना बाबा त्यात?"

"थे काढाले लावलं. हासल्यावर वांदरं भेते का?"

तोवर कुलदीपरावांनी लॅपटॉप उघडला होता. "मामाजी, हे कार्ड खराब झालं तर? दुसरी नक्कल आहे का कुठं?"

"हाये ना. शेजारच्या देवमनच्या बगिच्यात हाये. कॅनॉलपल्याड तिघं जन घेऊन गेले. सारे मिळून पाच झाले." बाबांनी बोटांवर मोजलं. "अन् हरेकाचा भोंगा येगळ्या दुकानचा."

बाबांनी हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, त्यांना टोमणे येत नाहीत. कुलदीपरावांनीही बोटांवर पाच मोजले. मग म्हणाले, "चुकलं माझं." हे ते माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत, भोंग्याकडे बघून म्हणाले. मला ते चाललं.

"वांदरं भेते का पन याले?" मी बाबांना विचारलं.

"पयले दोन मयने भेले. आता भोंग्यावरच बसून राह्यते."

"मंग चालू कायले ठेवता?"

बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि भोंग्याच्या सोलर पाटीवरची धूळ पुसायला लागले. त्यांना बराच वेळ लागला.

बासष्ट फोन गेले ते गेलेच, ते आता कुठल्याच झाडावर नाहीत. मी निंबाखाली जाऊन बसले. दहा मिनिटांनी आईने मला पुन्हा थांबवलं, माकडांचा बाप काढला, आणि मग साध्या आवाजात म्हणाली, "हां, बोल बाई." पुढे माझं हसणं कापून टाकलं होतं, तिथे कुणीच बोलत नव्हतं.

म्हणून मी सांगायला लागले. तीन महिन्यांचा तक्ता, अकोल्याचा खोका, कूलर, लाल दिवा, सगळं पहिल्यापासून. सांगून होईपर्यंत तिने आणखी दोनदा माकडं हाकलली.