धूर कुणी पाहिला

बॉम्ब शोधणारी तुकडी नाहोय गावात आली, तेव्हा चानपेंग बांबूचे कोंब सोलत बसली होती. तुकडीची प्रमुख मालायथोंग नावाची तिशीतली मुलगी होती. गुहेखालच्या उतारावर शाळेची नवी इमारत व्हायची होती आणि त्याआधी जमीन साफ करायची होती. साफ करण्याआधी गावातल्या जुन्या माणसांना विचारून घ्यायचं, अशी त्यांची पद्धत होती. गावात जुनी माणसं दोनच उरली होती. एक चानपेंग आणि दुसरा सिंगखाम, पण तो युद्धातल्या बॉम्बहल्ल्याविषयी अवाक्षर काढत नसे.

"मावशी, गुहेपाशी बॉम्ब पडले तेव्हा तुम्ही इथेच होतात?" मालायथोंगने विचारलं.

"इथेच. बारा वर्षांची होते."

"कधीची गोष्ट?"

"चौथ्या महिन्याच्या पुनवेचा दुसरा दिवस. युद्धाचं पाचवं वर्ष. अकरा माणसं गेली. माझा बाप त्यातच."

बाकीचं ती बोलली नाही. बाकीचं सगळ्या गावाला ठाऊक होतं. तेव्हा सगळं नाहोय त्या गुहेत राहत होतं. दिवसा कुणी बाहेर पडायचं नाही, पांढरा कपडा वाळत घालायचा नाही आणि चूल तर अजिबात पेटवायची नाही, असे नियम होते. चानपेंगची थोरली बहीण ओनसी तेव्हा एकोणीस वर्षांची. बाप तापाने फणफणलेला, तीन दिवस पोटात अन्नाचा कण नव्हता. गार चिकट भात त्याच्या घशाखाली उतरेना. त्या सकाळी उजाडताना, बाकीचे सगळे आत निजलेले असताना, ओनसीने गुहेच्या तोंडाशी तीन दगड मांडले, चार काटक्या पेटवल्या आणि वाटीभर पेज करून बापाला भरवली. मग आग विझवून दोघी बहिणी भांडं घासायला ओढ्यावर गेल्या. त्या ओढ्यावर असतानाच विमानं आली.

संध्याकाळी, प्रेतं बाहेर काढून झाल्यावर, सिंगखामने चानपेंगचे खांदे धरून विचारलं होतं, "कुणी जाळ केला होता का? खरं सांग." त्याची बायको आणि दोन मुलं समोर चटईखाली झाकलेली होती. चानपेंग म्हणाली, "ताईने."

गाव ओनसीला मारायला उठलं नाही. नुसतं तिच्याशी बोलायचं थांबलं. पुढे निर्वासित म्हणून सगळ्यांना विमानाने राजधानी व्हिएनतियानकडच्या सपाटीवर नेलं, तिथल्या छावणीतही ओनसीच्या शेजारी कुणी चटई टाकत नसे. युद्ध संपलं, गाव परत आलं. ओनसी आली नाही. तिने तिकडेच एका विधुराशी लग्न केलं. चानपेंगने तिला बोलावलं नाही, आणि तिनेही कधी निरोप धाडला नाही.

चार दिवसांनी मालायथोंग परत आली. तिच्या हातात पाटीएवढी स्क्रीन होती आणि तिच्यावर डोंगर, ओढा, गुहा असा सगळा नकाशा. नकाशावर लाल ठिपके, गोवर उठावा तसे.

"ज्यांनी बॉम्ब टाकले त्यांच्याच सैन्याच्या या नोंदी आहेत, मावशी. आम्हाला कुठे खणायचं ते यावरून कळतं. तुम्ही सांगितलेला दिवस काढून पाहिला." तिने बाकीचे ठिपके घालवले. सहा राहिले, खोऱ्यावरून आखल्यासारखे ओळीत. "हे चार विमानांनी टाकलेले. त्यांना जायचं होतं उत्तरेला, सीमेपलीकडे. तिकडे ढग होते म्हणून टाकता आले नाहीत. बॉम्ब घेऊन तळावर उतरणं धोक्याचं, म्हणून परतताना वाटेत रिकामे केले."

"रिकामे केले म्हणजे?"

"म्हणजे टाकून दिले. खाली कोण आहे ते पाहिलं नाही. दिसतही नव्हतं, उंची खूप होती."

चानपेंगने त्या सहा ठिपक्यांवर एकेक करत बोट ठेवलं. "धूर दिसला म्हणून नाही?"

"कसला धूर?"

"चुलीचा. वाटीभर पेजेचा."

मालायथोंगला काय ते उमगलं असावं. ती हलकेच म्हणाली, "नाही मावशी. त्या महिन्यात तर राब जाळतात, सगळा डोंगर धुरात असतो. तुमची चूल कुणाला दिसणार?"

चानपेंगने त्या रात्रीचं जेवण तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिने ओनसीचा पत्ता एका नातलगाकडून मिळवला आणि सकाळची बस धरली. घाटात उलट्या करत, दहा तास प्रवास करत ती सपाटीवर पोचली.

ओनसी परसात मिरच्या तोडत होती. केस पूर्ण पांढरे, पाठीत वाक आलेला. तिने बहिणीला ओळखलं, पण टोपली खाली ठेवली नाही.

"कोण मेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही."

"मग एवढ्या लांब कशाला आलीस? तुला तर बैलगाडीही लागायची."

"अजून लागते," चानपेंग म्हणाली. तिला हसू येऊ पाहत होतं, पण आलं नाही.

ओनसीने तिला पाणी दिलं, भात आणि मिरचीचा ठेचा पुढे ठेवला. चानपेंगने घास न घेता सगळं सांगून टाकलं. नोंदी, ढग, चार विमानं, रिकामे केलेले बॉम्ब. सांगताना तिला वाटत होतं, आता ताई रडेल, आता माझा हात धरेल.

ओनसी मिरच्यांची देठं खुडत राहिली.

"चूल नसती पेटवली तरी?" तिने शेवटी विचारलं.

"तरीही."

"बाबा उपाशी राहिले असते तरी?"

"तरीही, ताई."

"कुणावर राग होता म्हणूनही नाही?"

"नाही. ओझं टाकलं नुसतं."

ओनसीने हातातली मिरची टोपलीत टाकली. "इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, माझ्यामुळे झालं. वाईट होतं, पण काहीतरी कारण तर होतं. माणसं कशाने तरी मेली होती. आता तू सांगतेस, कशानेच नाही मेली." तिचा आवाज चढला नव्हता. "हे घेऊन मी काय करू?"

चानपेंगने पुढ्यातला भात बाजूला सारला. मग जे सांगायला ती खरी आली होती, ते तिने सांगितलं. "सिंगखामला मीच सांगितलं होतं. जाळ तू केलास म्हणून."

"ठाऊक आहे. तुझ्याशिवाय तो जाळ पाहिला होता कुणी?"

"मी लहान होते."

"लहान होतीस तेव्हा होतीस. नंतर मोठी झालीस ना?"

चानपेंग तिथे तीन दिवस राहिली. दोघींनी मिरच्या वाळत घातल्या, लोणच्याचे मासे बरणीत भरले, शेजारणीच्या सुनेची निंदा केली. निघताना ओनसी बसपर्यंत आली. "मला सांगून काय उपयोग? गावाला सांग. माझ्यासमोर सांगितलंस तसं, सगळ्यांसमोर," एवढंच ती म्हणाली.

पितरांना अन्न ठेवायच्या दिवशी, देवळाच्या आवारात केळीच्या पानांत बांधलेले भाताचे गोळे मांडून झाल्यावर, चानपेंग उभी राहिली. तरुण मुलं फोन बाजूला ठेवून ऐकू लागली. तिने नोंदींचं सांगितलं. मग म्हणाली, "ओनसीच्या चुलीमुळे कुणी मेलं नाही. तिच्यावर आळ मी आणला. तो आळ खोटा होता, आणि मी इतकी वर्षं गप्प बसले."

सिंगखाम काठी टेकत उठला. आता नव्वदीला आला होता.

"ज्यांनी टाकले त्यांचाच कागद ना?" तो म्हणाला.

"हो."

"त्यांच्या कागदात माझ्या मुलांची नावं आहेत?"

"नाहीत, बाबा."

"मग तो कागद माझ्याकडे आणू नकोस. ओनसीला मी पाहिलं होतं. त्या माणसांना कुठे पाहिलं? राग करायला समोर कुणीतरी लागतं." तो वळला आणि आपले भाताचे तीन गोळे कुंपणाच्या बुडाशी ठेवायला वाकला. गुडघे वाकेनात, म्हणून चानपेंगनेच त्याच्या हातून घेऊन ते ठेवले. त्याने ते ठेवू दिले.

संध्याकाळी तिने ओनसीला फोन लावला.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"सिंगखाम?"

"त्याला पटलं नाही."

पलीकडे ओनसीने कोंबड्यांना हुसकलं. "त्याला कसं पटणार," ओनसी म्हणाली, "त्याची दोन मुलं होती त्यात."

पुढच्या थंडीत शाळेच्या जागेवरून त्रेसष्ट बॉम्बी, म्हणजे मोठ्या बॉम्बच्या पोटातून विखुरणाऱ्या चेंडूएवढ्या बॉम्बगोळ्या, निघाल्या आणि एक मोठा, न फुटलेला बॉम्ब. तो फोडला तेव्हा सगळं गाव टेकडीपलीकडे जाऊन बसलं होतं. ओनसी नाहोयला आली नाही, पुढेही आली नाही. दोघी महिन्यातून एकदा फोनवर बोलत. गुडघे, मिरच्यांचा भाव, जावई. त्या दिवसाचं नाव दोघींपैकी कुणीही काढत नसे.