उंबरा नसलेलं घर

नृसिंह वांबोरीकरांनी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट हट्टाला पेटून केली. सावेडीतलं बैठं घर विकून त्यांनी केडगावच्या बाजूला एका कोऱ्या इमारतीत फ्लॅट घेतला. पाटबंधारे खात्यात जन्मभर टिपणं लिहिली, साहेबाच्या शब्दापुढे कधी शब्द टाकला नाही. पण या एका बाबतीत ते कोणाचं ऐकायला तयार नव्हते.

त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. सावेडीच्या घराचा स्लॅब दर पावसाळ्यात गळायचा. न्हाणीघर मागच्या अंगाला, पायऱ्या उतरून. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही उजाडायच्या आत. पत्नी नीलाबाई मुलींच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, गुडघ्यांनी बेजार. एकुलती मुलगी मनवा पुण्यात संसारात अडकलेली. उद्या कोणी घसरून पडलं तर धावायला कोण येणार?

"नव्या घराला दहा-पंधरा वर्षं हात लावावा लागत नाही," ते मनवाला फोनवर समजावत. "वायरिंग नवं, नळ नवे, लिफ्ट आहे. चोवीस तास पाणी. आणि मुख्य म्हणजे कोरं घर. दुसऱ्या कुणाचा संसार त्यात झालेला नाही. आपण म्हणू तिथे खिळा, आपण म्हणू तो रंग."

"आईला विचारलंत का, बाबा?"

"ती कुठे नाही म्हणतेय?"

खरंच, नीलाबाई नाही म्हणाल्या नव्हत्या. अलीकडे त्या कशालाच फारसं नाही म्हणत नसत. बोलणं कमी झालं होतं, पुस्तक हातात घेतलं तरी पान उलटायचं नाही. नृसिंहरावांना वाटे, वय झालं, माणूस निवतो. स्वयंपाक वेळेवर होत होता, कुंड्यांना पाणी पडत होतं, मग काळजी कसली?

दिवाळीनंतर ते राहायला गेले. वास्तुशांत झाली, नातेवाईक जेवून गेले, जो तो भिंतींवरून हात फिरवून वाहवा करून गेला. फ्लॅटमध्ये कुठेही उंबरा नव्हता. म्हातारपणी ठेच लागायला नको म्हणून सगळी फरशी एका पातळीत. नृसिंहरावांनी पाहुण्यांना ते आवर्जून दाखवलं.

नीलाबाई मात्र प्रत्येक दारात पाय उचलत होत्या. नसलेला उंबरा ओलांडायला पाऊल वर जायचं आणि खाली टेकताना अंदाज चुकून अंगाला हिसका बसायचा. पहिले काही दिवस नृसिंहराव हसले. मग म्हणू लागले, "नीला, खाली बघ की जरा." त्या खाली बघत. पुढच्या दारात पाय पुन्हा उचलला जाई.

पाण्याचंही तसंच. पहाटे उठून त्या घरातली सगळी भांडी भरून ठेवत. पातेली, तांबे, डबे, अगदी मुखशुद्धीच्या वाट्यासुद्धा.

"अगं, इथे पाणी जात नाही."

"हो का?" त्या म्हणत. "आज नळाचा दिवस ना?"

सावेडीत त्यांना दिवस नळावरून कळत होते. इथे नळ रोजच चालू, त्यामुळे सगळे दिवस एकसारखे. बटणाच्या शेगडीपुढे त्या काडेपेटी घेऊन उभ्या राहत. रात्री न्हाणीघर समजून कपड्यांच्या कपाटाचं दार उघडत. एकदा चौथ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाची बेल वाजवून त्यांनी त्या बाईला विचारलं, "तुम्ही आमच्या घरात कशा?" नृसिंहरावांना जाऊन माफी मागावी लागली. येताना लिफ्टमध्ये ते त्यांच्यावर चिडले. नीलाबाई लिफ्टच्या आरशात बघत उभ्या होत्या, अगदी सौजन्यानं म्हणाल्या, "आपण घरी कधी जायचं?"

एका दुपारी नृसिंहराव बँकेतून आले तर दार सताड उघडं. वॉचमन म्हणाला, काकू रिक्षात बसून गेल्या. ते हबकलेच. मंदिर पाहिलं, भाजीबाजार पाहिला, मनवाला फोन केला. तेवढ्यात सावेडीहून ओंकारचा फोन आला. ओंकार म्हणजे त्यांचं जुनं घर ज्यानं घेतलं तो कर्जतकडचा तरुण. एमआयडीसीत नोकरीला, घरात बायको अश्विनी, तान्ही मुलगी आणि आई राहीबाई.

"काका, घाबरू नका. काकू आमच्याकडं आल्यात."

नृसिंहराव पोचले तेव्हा राहीबाई पायरीवर लसूण सोलत बसल्या होत्या.

"या भाऊ, बसा. त्या च्या करत्यात."

"चहा?"

"व्हय. सरळ आत आल्या, चपला कोपऱ्यात सारल्या आन् वट्याशी गेल्या. सूनबाई घाबरली. मी म्हनलं राहू दे, बाई कामाला लागली, तिला कशाला अडवायचं?"

नृसिंहराव दारात थांबले. स्वयंपाकघरात डबे आता दुसऱ्यांचे होते, पण ओटा तोच, नीलाबाईंच्या उंचीला बेतून बांधलेला. नीलाबाईंनी न बघता डावा हात मागे नेऊन दारामागचं दिव्याचं बटण दाबलं. आलं ठेचलं. गाळणं खिडकीच्या खिळ्याला शोधलं. ते तिथेच होतं, अश्विनीनंही तिथेच अडकवलं होतं. माजघरात येताना पाऊल उंबऱ्यावरून बरोबर पार झालं. कप नृसिंहरावांच्या पुढ्यात ठेवत त्या म्हणाल्या, "आज लवकर सुटलं ऑफिस?"

किती दिवसांत त्यांचा आवाज असा नितळ लागला नव्हता. नृसिंहरावांनी "हो" म्हणत कप उचलला.

मनवा पुण्याहून आली. मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नीलाबाईंना घड्याळ काढायला सांगितलं, त्यांनी गोल काढला आणि सगळे आकडे एका बाजूला दाटीवाटीनं लिहिले. त्यांना बाहेर बसवून डॉक्टर म्हणाले, "हे आजचं नाही. चार-पाच वर्षं तरी असावं. अशा माणसांची जागा बदलत नाहीत. जुन्या जागेत सवयीवर निभतं. एकदा ती सुटली की मग भराभर घसरण."

"परत तिथेच नेलं तर?" मनवानं विचारलं.

"नेता येईल का?"

परतताना गाडीत नृसिंहराव खिडकीबाहेर बघत होते. आपली बायको आजारी होती आणि ते घर तिला सांभाळत होतं, हे त्यांना आत्ता कळत होतं. नळ तिला दिवस सांगत होता, उंबरा खोली सांगत होता, गळणारा स्लॅब पावसाळा सांगत होता. ज्या ज्या गोष्टीला ते खोट म्हणत आले, तिचा तिचा हात धरून ती चालत होती. आणि त्यांनी, तिच्या भल्यासाठी, एकेक हात सोडवून घेतला होता.

"तुम्हाला कसं माहीत असणार, बाबा," मनवा म्हणाली. त्यानं काही हलकं झालं नाही.

ती पुण्याला परत गेल्यावर नृसिंहराव दुपारी नीलाबाईंना सावेडीला नेऊ लागले. आधी संकोचानं, फळं-बिस्किटं घेऊन, पुढे नेमानंच. राहीबाई कधी कपाळाला आठी घालत नसत. नीलाबाई भाजी निवडत, तान्हीला मांडीवर घेऊन गाणं म्हणत, अश्विनीला "तू नवीन लागलीस का शाळेत?" असं विचारत. अश्विनी "हो काकू" म्हणे. नृसिंहराव आपल्याच जुन्या घराच्या ओसरीवर पाहुण्यासारखे बसत. ते दोन तास बायको त्यांना ओळखत असे. केडगावला परतल्यावर लिफ्टचं दार बंद होता होता तिचा चेहरा विझत जाई, हे ते रोज बघत.

माघ संपता संपता ओंकारनं त्यांना अंगणात बाजूला घेतलं.

"काका, सांगायचं राहूनच जात होतं. आमी घर पाडतोय. पाडव्याला नव्याचा पाया घ्यायचा."

"पाडता?"

"स्लॅब गळका, भिंतीतली ओल हटत न्हाई. या थंडीत पोरीला दोनदा न्यूमोनिया झाला. आईला न्हाणीच्या पायऱ्या उतरवत न्हाईत. डागडुजीत पैसा घालण्यापेक्षा नवंच बरं. पुन्हा पंधरा वर्षं बघायला नको."

यातलं एकही वाक्य नृसिंहरावांना खोडता येण्यासारखं नव्हतं. सगळी त्यांचीच होती.

"ओंकार," ते शेवटी म्हणाले, "आमच्या फ्लॅटमध्ये तुम्ही राहायला या. लिफ्ट आहे, पाणी आहे, गळत नाही. आम्ही इथे येतो. कागद तुमच्याच नावावर राहू देत, फ्लॅटही घ्या वाटल्यास. ती आहे तोवर फक्त."

ओंकारनं मान खाली घातली. "काका, आईचा जीव मातीत. पाचव्या मजल्यावर ती जगायची न्हाई. तुमी काकूंचं बघता, मला माझ्या आईचं बघावं लागंल."

राहीबाईंनी ऐकलं असावं. त्या जवळ आल्या, पण नेहमीसारख्या मोकळं बोलल्या नाहीत. "भाऊ, मला लई वंगाळ वाटतं. पर लेकरू लहान हाय," एवढंच म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावत आत गेल्या. आत नीलाबाई तान्हीला झोपवत होत्या.

पाडकाम सुरू झाल्यावर नृसिंहराव एकटेच एकदा जाऊन आले. ओट्याची शहाबादी फरशी दुभंगून रस्त्याकडेला पडली होती. ती उचलून न्यावी असं त्यांच्या मनात आलं, मग नेऊन ठेवायची कुठे, हे सुचेना. मुकादम त्यांना बाजूला व्हायला सांगत होता. ते बाजूला झाले आणि रिक्षा धरून परत आले.

सुरुवातीला नीलाबाई दुपारी चपला घालून दाराशी बसत. "उद्या जाऊ," ते म्हणत. हळूहळू त्यांनी दाराशी बसणं सोडलं. पाणी भरणं सोडलं. नृसिंहरावांना वाटलं, रुळली. एकदा तर त्यांनी मनवाला तसं फोनवर सांगितलंसुद्धा, आणि फोन ठेवल्यावर कळलं की हे रुळणं नव्हे. नीलाबाईंना आता कुठे जायचं हेच उरलं नव्हतं. दारात पाय उचलला जाईना, तो फरशीवरून नुसता फरफटत येई.

वैशाखातल्या एका सकाळी नृसिंहरावांनी त्यांना न्हाऊ घातलं, वेणी घातली, बाल्कनीत खुर्चीवर बसवलं. खाली पुणे रस्त्यावर ट्रक चालले होते. नीलाबाईंनी कठड्यावरून हात फिरवला, भिंतीचा रंग पाहिला, आणि वळून त्यांच्याकडे नीट, लक्ष देऊन बघितलं. कितीतरी दिवसांनी असं बघितलं.

"छान आहे हो तुमचं घर," त्या म्हणाल्या. "सगळं नवं. उजेड किती आहे."

"आवडलं?"

"आमच्या ह्यांना दाखवायला हवं. त्यांना फार हौस आहे नव्या घराची." त्या थोडं थांबल्या, आठवल्यासारखं करून म्हणाल्या, "पण ते ऑफिसातून उशिरा येतात."

नृसिंहराव खुर्चीमागे उभे होते. कंगवा अजून हातात होता.

"येऊ देत की," ते म्हणाले. "आम्ही घरीच असतो."