उकळलेली पट्टी

दोन पट्ट्यांची टोकं जुळत नव्हती. डॉक्टरबाईंनी त्या टेबलावर पुन्हा शेजारी शेजारी ठेवल्या – कुपोषण ओळखायला बाळांच्या दंडाचा घेर मोजायच्या, लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांच्या. नवी आजच आलेली. जुनी खण रिकामा करताना सापडली, निवृत्तीला तीन दिवस उरले असताना. जुनी अर्ध्या बोटानं आखूड होती.

आखूड कशानं झाली... प्लास्टिक आटतं, उकळत्या पाण्यात. आणि उकळायला शिकवलं कुणी? मीच. वस्तीवस्तीतल्या बायका गोळा करून, वर्षानुवर्षं – सुई उकळा, वाटी उकळा, बाळाला लागेल ते सगळं उकळा. बायका हसायच्या, बाई नवऱ्यालाही उकळून घेत असतील. पट्टी तेवढी उकळू नका, हे सांगायचं कधी सुचलंच नाही. आटलेल्या पट्टीत लालमधला दंड पिवळ्यात दिसतो, म्हणजे तातडीनं दवाखान्यात न्यायचं बाळ घरीच राहतं. एवढं सगळं त्यांनी शांतपणे लक्षात घेतलं, दुसऱ्याच कुणाचा केसपेपर वाचावा तसं. करायला गेले एक...

जुन्या पट्टीच्या मागे शाईनं काढलेलं फूल होतं. ही आमच्या आरोग्यसेविकेची खूण. मी शिकवलेल्या पहिल्या तुकडीतली ती सगळ्यांत हुशार. स्वतःच्या मुलीचा दंड तिनं स्वतःच मोजला होता, याच पट्टीनं. पिवळा. आठ दिवसांनी मुलगी गेली. तेव्हापासून ती म्हणते, माझाच हात चुकला. आणि मी म्हणते, तुझी चूक नव्हती गं. बावीस वर्षं म्हणतेय, आणि मनातून मात्र खात्री, की हिनं पट्टी सैल धरली असणार.

दार ढकलून सेविका चहाचे दोन पेले घेऊन आली.

"आवरलं का बाई?"

"आवरतेय."

"अगंबाई, ही माझी की." तिनं पट्टी उचलली, फुलावरून अंगठा फिरवला. "मला द्या ना. नाहीतरी तुम्ही टाकूनच देणार."

"तुला कशाला हवी?"

"असू दे. माझी चूक आहे, माझ्याजवळ राहील."

डॉक्टरबाईंनी नवी पट्टी कागदाखाली सरकवली. हात आपोआप गेला, असं म्हणायची सोय होती. पण त्यांनीच सरकवली. त्यांना भीती वाटत होती, अगदी साधी भीती. तुझी चूक नव्हती – हे वाक्य आज पहिल्यांदाच खरं होतं, आणि नेमकं आजच ते तोंडातून निघेना.

सेविका समोर बसून चहा फुंकत होती. कागदाखालून नव्या पट्टीचं हिरवं टोक बाहेर राहिलं होतं. ते आत ढकलायला त्यांनी बोट पुढं केलं, आणि तिथंच ठेवलं... दिसू दे तिला, असं त्यांना वाटू लागलं होतं.